आरंभीचीच मागणी : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा इतिहास आणि समीक्षेतील वाद

१

इंग्रजीतील एखादा वाक्प्रचार शुद्ध कसा वापरावा, ही चर्चा मराठी समीक्षेच्या नियतकालिकात काहींना अप्रस्तुत वाटेल. तो इंग्रजीच्या अध्यापकांचा विषय आहे, असे म्हणून तिची बोळवण करता येईल. परंतु मराठीत समीक्षा लिहिणाऱ्यांचे सैद्धांतिक वाचन बव्हंशी इंग्रजीतून होते, आणि तेथील वादाची परिभाषा आपल्या लेखनात कधी उघडपणे, तर कधी भाषांतराच्या वेषात उतरते. ती उतरताना काय गळते, हा मात्र मराठीच्या अध्यापकाचाच प्रश्न आहे.

येथे विचारासाठी घेतलेला वाक्प्रचार आहे 'टु बेग द क्वेश्चन'. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात एका इंग्रजी समीक्षकाचे मत देताना मी 'या विवेचनातून एक प्रश्न उपस्थित होतो' असे लिहिले होते. माझ्या मार्गदर्शकांनी त्या ओळीसमोर समासात दोनच शब्द लिहिले, 'कोणता प्रश्न?' मूळ उतारा पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आले, की तो समीक्षक कोणताही प्रश्न उपस्थित करत नव्हता. प्रतिपक्षाने जे सिद्ध करायचे तेच आधी गृहीत धरले आहे, असा त्याचा आरोप होता. त्याने ठेवलेला दोषारोप माझ्या भाषांतरात निरुपद्रवी कुतूहल होऊन बसला होता.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. आज इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे असंख्य लेखकही हा वाक्प्रचार 'प्रश्न उपस्थित करणे' याच अर्थाने वापरतात, आणि आधुनिक कोश तो अर्थ नोंदवतात. त्यामुळे केवळ 'मूळ अर्थ अमुक, म्हणून आजचा अर्थ चूक' असे म्हणून भागत नाही. शब्दांचे अर्थ बदलतात, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगायला नको. प्रश्न असा आहे, की हा अर्थ का बदलला आणि त्याबरोबर नेमके काय मागे पडले? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या वाक्प्रचाराचा अर्थ वादाच्या एका विशिष्ट संस्थेने धरून ठेवला होता. ती संस्था मोडली आणि वाक्प्रचार सुटा झाला. समीक्षेच्या दृष्टीने वाक्प्रचार सुटा होण्यापेक्षा ती संस्था मोडण्याला अधिक महत्त्व आहे.

२

या वाक्प्रचाराचा उगम ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांत आहे. त्याच्या ग्रीक शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ 'आरंभी असलेले मागणे' असा होतो. हा प्रयोग आज गूढ वाटतो, कारण ज्या व्यवहारातून तो आला तो आपल्यासमोर नाही. 'टॉपिक्स' या ग्रंथाच्या आठव्या भागात ॲरिस्टॉटल ज्या वादाचे नियम सांगतो, त्यात दोन पक्ष असतात. उत्तरदाता एक प्रतिज्ञा स्वीकारतो. प्रश्नकर्ता त्याला एकेक विधान विचारत जातो, आणि उत्तरदाता ते मान्य किंवा अमान्य करतो. मान्य झालेल्या विधानांच्याच बळावर उत्तरदात्याच्या प्रतिज्ञेविरुद्धचा निष्कर्ष काढून दाखवणे, हे प्रश्नकर्त्याचे काम. म्हणजे या वादात आधारविधान प्रतिपक्षाकडून मागून घ्यावे लागते. आता प्रश्नकर्त्याने ज्या निष्कर्षावरून वादाला आरंभ झाला तोच 'मान्य करा' म्हणून मागितला, तर ते नियमाचे उल्लंघन होय. 'आरंभी असलेले मागणे' ते हेच.

असे मागण्याच्या पाच रीती ॲरिस्टॉटल सांगतो. साध्य विधान जसेच्या तसे मागणे ही त्यांतील सर्वांत ढोबळ आणि म्हणून सहज पकडली जाणारी रीत. वेगळ्या शब्दांनी तेच मागितले, तर पकडणे अवघड होते. विशिष्ट सिद्ध करायचे असता सामान्य मागणे; सामान्य सिद्ध करायचे असता त्यातील विशिष्टे मागणे; साध्याचे तुकडे करून एकेक मागणे; आणि परस्परांवर अवलंबून असलेल्या दोन विधानांपैकी दुसरे मागणे, या उरलेल्या चार रीती.

'प्रायर ॲनालिटिक्स'च्या दुसऱ्या भागात हाच दोष प्रतिपक्षाचा संदर्भ वगळून, शुद्ध ज्ञानाच्या अंगाने मांडला आहे. जे स्वतःसिद्ध नाही ते स्वतःच्याच आधारे सिद्ध करू पाहणे, असे त्याचे तेथील स्वरूप. समांतर रेषांच्या सिद्धतेचे उदाहरण तेथे येते : समांतर रेषा असल्याखेरीज जे सिद्ध होऊ शकत नाही असे काही गृहीत धरून लोक समांतर रेषा सिद्ध करू पाहतात, आणि ते त्यांच्या ध्यानातही येत नाही. एकाच दोषाची ही दोन रूपे आहेत. एका रूपात तो दोन माणसांमधील अन्याय आहे, तर दुसऱ्यात एका माणसाच्या विचारातील आंधळेपण. पुढील साऱ्या इतिहासात ही दोन रूपे कधी जवळ येतात, कधी दुरावतात.

या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. युक्लिडच्या भूमितीतील गृहीतकांसाठी वापरलेला ग्रीक शब्द 'मागणे' या अर्थाच्या याच धातूपासून आला आहे. गृहीतक म्हणजे वाचकाकडून मागून घेतलेली गोष्ट. त्यामुळे मागणे हा मुळात दोष नव्हे; कोणतीही सिद्धता काही तरी मागितल्याशिवाय सुरू होत नाही. दोष आहे तो, जे वादात आहे तेच मागण्यात.

३

लॅटिनमध्ये हा प्रयोग 'पेटिटिओ प्रिन्सिपिई' असा स्थिरावला. 'पेटिटिओ' म्हणजे मागणी, आणि 'प्रिन्सिपिअम' म्हणजे आरंभ. पण 'प्रिन्सिपिअम'ला 'तत्त्व' असाही अर्थ असल्याने 'तत्त्वाची मागणी' असा काहीसा दिशाभूल करणारा ध्वनी त्यात मिसळला. तरीही मध्ययुगीन विद्यापीठांत अर्थाचा घोटाळा झाला नाही, कारण तेथे वादसभा हीच अध्यापनाची आणि परीक्षेची मुख्य पद्धती होती. वादासाठी ठेवलेल्या विषयाला 'क्वेस्टिओ' म्हणत. थॉमस अक्वायनसच्या ग्रंथांची रचनाच या 'क्वेस्टिओ'च्या क्रमाने झालेली आहे : आधी विषय, मग विरुद्ध पक्षाचे आक्षेप, मग स्वतःचे उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन. इंग्रजी वाक्प्रचारातील 'क्वेश्चन' हा शब्द या परंपरेतून येतो. तेथे त्याचा अर्थ वादविषय असा आहे. प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या वाक्याशी त्याचा संबंध नाही. 'बेग' या शब्दालाही भिक्षेबरोबर 'अधिकार नसता गृहीत धरणे' अशी छटा त्या काळी होती. दोन्ही शब्दांचे हे अर्थ मावळले, की वाक्प्रचार दुर्बोध होणार हे ठरलेलेच होते.

सोळाव्या शतकात तर्कशास्त्र इंग्रजीत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. टॉमस विल्सनचा 'रूल ऑफ रीझन' हा ग्रंथ १५५१ सालचा. १५७३ साली राल्फ लीव्हर याने एक पाऊल पुढे टाकून लॅटिन संज्ञा टाळल्या आणि निखळ इंग्रजी शब्दांतून परिभाषा घडवली. तर्कशास्त्राला त्याने 'विटक्राफ्ट' म्हटले, उद्देश्याला 'फोरसेट', विधेयाला 'बॅकसेट' आणि निष्कर्षाला 'एंडसे'. परिभाषानिर्मितीचे मराठीतील प्रयत्न ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना लीव्हरविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही. त्याची परिभाषा रुजली नाही. रुजला तो 'टु बेग द क्वेश्चन' हा अर्धामुर्धा अनुवाद, कारण तो ग्रंथात घडला नव्हता, वादसभेत लोकांच्या तोंडी होता.

ऑक्सफर्ड शब्दकोशाने नोंदवलेले त्याचे सर्वांत जुने उदाहरण या दृष्टीने अस्वस्थ करणारे आहे. ते १५८१ सालचे, टॉवर ऑफ लंडनमधील आहे. एलिझाबेथच्या राजवटीत पकडला गेलेला जेझुइट धर्मगुरू एडमंड कँपियन याचा यंत्रावर ताणून छळ करण्यात आला होता. त्यानंतर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चार वेळा त्याला प्रोटेस्टंट पंडितांसमोर वादासाठी उभे करण्यात आले. त्याला तयारीसाठी अवधी नव्हता, हाताशी ग्रंथ नव्हते, आणि त्याची भूमिका केवळ उत्तरदात्याची ठेवली होती. प्रतिपक्षाला प्रश्न करण्याचा अधिकार त्याला नव्हता. या वादांच्या, प्रोटेस्टंट पक्षानेच पुढे छापलेल्या वृत्तांतात, विल्यम चार्क या प्रतिपक्षीयाच्या तोंडी हा वाक्प्रचार येतो : तुम्ही वादविषयच गृहीत धरत आहात, असा आरोप तो कँपियनवर करतो. १ डिसेंबर १५८१ रोजी कँपियनला टायबर्न येथे फाशी देण्यात आले.

एखाद्या वाक्प्रचाराचे पहिले लेखी उदाहरण हे काही त्याचे जन्मस्थान नव्हे. तरीही या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. वादाचे सर्व बाह्य नियम येथे पाळलेले दिसतात. प्रश्नकर्ता आहे, उत्तरदाता आहे, दोषांची शास्त्रशुद्ध नावेही घेतली जात आहेत. पण उत्तरदात्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य नाही, आणि वादाचा निकाल आधीच ठरलेला आहे. कँपियनचा युक्तिवाद सदोष होता की नाही, हे बाजूला ठेवू. 'आरंभी असलेले मागणे' हा दोष त्या सभेच्या मांडणीतच होता. त्याचे नाव उच्चारण्याचा अधिकार मात्र एकाच पक्षाकडे होता.

४

अठराव्या शतकात विद्यापीठांतील वादसभा उपचारापुरत्या उरल्या. ऑक्सफर्डमध्ये १८०० सालच्या नियमांनी परीक्षापद्धतीचा नवा काळ सुरू झाला. वाद करण्याची जागा हळूहळू निबंध लिहिण्याने घेतली. निबंधात प्रतिपक्ष समोर नसतो. लेखक स्वतःच मागतो आणि स्वतःच मान्य करतो. या बदलानंतर दोषाची चर्चा दोन दिशांनी गेली.

पहिली दिशा तर्कशास्त्रज्ञांची. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या 'सिस्टिम ऑफ लॉजिक'मध्ये असे दाखवले, की निष्कर्ष सिद्ध करणारा युक्तिवाद म्हणून पाहिला, तर प्रत्येक सिलॉजिझममध्ये हा दोष असतो. 'सर्व मानव मर्त्य आहेत' हे मान्य करताना सॉक्रेटिसचे मर्त्यत्व मान्य झालेलेच असते. ॲरिस्टॉटलने सांगितलेला दोष असा त्याच्याच तर्कपद्धतीवर उलटला. वादाचा संदर्भ गळून दोष केवळ विधानांच्या परस्परसंबंधाचा मानला, की असे होणे अपरिहार्य होते.

दुसरी दिशा समीक्षेच्या अभ्यासकाला अधिक उपयोगाची आहे. जेरेमी बेंथमच्या १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुक ऑफ फॅलसीज'मध्ये त्याने असे दाखवले, की हा दोष घडायला संपूर्ण युक्तिवादही लागत नाही, एक नाम पुरते. काही शब्द वस्तूचे नाव सांगता सांगता तिची स्तुती किंवा निंदाही करून टाकतात. एखाद्या सुधारणेला विरोधकाने नुसते 'नवे खूळ' म्हटले, की ती वाईट आहे हे सिद्ध न करताच सिद्ध झाल्यासारखे भासते. वादविषय असा एका शब्दाच्या आत गृहीत धरलेला असतो.

या सूक्ष्म चर्चा ग्रंथांत चालू असताना सामान्य लेखनात वाक्प्रचार आपल्या वाटेने गेला. 'क्वेश्चन' म्हणजे 'प्रश्न' आणि 'बेग' म्हणजे 'याचना' एवढेच ज्याला ठाऊक, त्याने त्याचे दोन अर्थ लावले. एक, प्रश्नाला बगल देणे. दुसरा, 'विचारा' अशी याचना करणारा प्रश्न पुढे येणे. यांतील दुसरा अर्थ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरला. हेन्री फाउलरने १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात जुना अर्थ व्यवस्थित सांगून ठेवला होता, पण अशा नोंदींनी ओघ थांबत नाही. मार्क लिबरमन या भाषावैज्ञानिकाने २०१० साली या इतिहासाचा आढावा घेऊन दिलेला सल्ला व्यवहार्य आहे. जुन्या अर्थाने लिहिले तर बहुसंख्य वाचकांना कळत नाही आणि नव्या अर्थाने लिहिले तर जाणकार हसतात. म्हणून हा वाक्प्रचार वापरूच नये. जे म्हणायचे ते सरळ म्हणावे, म्हणजे 'निष्कर्ष गृहीत धरला आहे' किंवा 'प्रश्न उपस्थित होतो' यांपैकी एक. इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगेन. वाचताना मात्र दोन्ही अर्थ ठाऊक असावे लागतात, आणि लेखक कोणत्या परंपरेत लिहितो आहे हे पाहूनच निवड करावी लागते.

५

मराठीत या दोषाला काय म्हणावे? न्यायपरंपरेचा वारसा आपल्याकडे असल्याने उत्तर सोपे वाटते. न्यायसूत्रांत सांगितलेल्या पाच हेत्वाभासांपैकी 'साध्यसम' हा तो होय, असे समीकरण अनेकदा केले गेले आहे. परंतु बिमल कृष्ण मतिलाल यांनी १९७४ सालच्या एका निबंधात या समीकरणाची चिकित्सा करून ते टिकत नाही, असे दाखवले. वात्स्यायनाचे उदाहरणच पाहावे : छाया हे द्रव्य आहे, कारण ती गतिमान आहे. येथे छाया खरोखर चालते काय, हेच अजून सिद्ध व्हायचे आहे. हेतू साध्याइतकाच असिद्ध आहे, म्हणून तो साध्यसम. पण 'गतिमान असणे' आणि 'द्रव्य असणे' या एकच गोष्टी नव्हेत, आणि गतिमानता सिद्ध करण्यासाठी द्रव्यत्वाचाच आधार घेतला आहे, असेही येथे म्हटलेले नाही. उत्तरकालीन न्यायात हा दोष 'असिद्ध' या नावाखाली गेला, तो याच कारणाने. ॲरिस्टॉटलच्या दोषाला अधिक जवळचे आहेत ते आत्माश्रय, अन्योन्याश्रय आणि चक्रक. अनुक्रमे स्वतःवर, परस्परांवर, आणि तीन वा अधिक विधानांच्या फेऱ्यातून पुन्हा स्वतःवर टेकणे, हे त्यांचे स्वरूप.

तेव्हा मराठीत नेमकेपणाने लिहायचे तर 'साध्य गृहीत धरणे' हा साधा शब्दप्रयोग पुरेसा आहे. जेथे फेऱ्याची रचना दाखवायची तेथे 'चक्रक' म्हणावे. 'साध्यसम' त्याच्या मूळ अर्थासाठी राखून ठेवावा. दुसऱ्या परंपरेतील संज्ञा आपल्याकडेही होतीच, असे दाखवण्याच्या ओढीने दोन्ही परंपरांतील भेद पुसला जातो, आणि नुकसान आपल्याच परिभाषेचे होते.

न्यायपरंपरेकडून घेण्यासारखी खरी गोष्ट संज्ञेच्या पलीकडची आहे. तेथेही दोषविचार वादाच्या चौकटीतच झाला. तत्त्वनिर्णयासाठी चालणारा तो वाद, जिंकण्यासाठी चालणारा तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ खंडन करणारी ती वितंडा, असा भेद तेथे केलेला आहे. शास्त्रग्रंथात आधी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त होती, आणि तो प्रतिपक्षाला ओळखता येईल असा मांडावा लागे. प्रतिपक्ष काय मान्य करील, हे पाहिल्याशिवाय हेतू देता येत नसे.

६

साहित्यविचारात साध्य गृहीत धरण्याचा धोका इतर शास्त्रांपेक्षा अधिक आहे, कारण येथे मूल्यविधाने सिद्ध करायची असतात. डेव्हिड ह्यूमने १७५७ सालच्या 'अभिरुचीचा निकष' या निबंधात श्रेष्ठ कृती कोणती, हे खऱ्या जाणकारांच्या एकमतावर सोपवले. जाणकार कोण, याची जी लक्षणे त्याने दिली त्यांत अनेक कृतींशी तुलना करून आलेला सराव आहे. हा सराव श्रेष्ठ कृतींवरच व्हावा लागतो असे म्हटले, की चक्रक पुरा होतो. हा आक्षेप ह्यूमवर वारंवार घेतला गेला, आणि पीटर किव्हीसारख्या अभ्यासकाने १९६७ साली तो दूर करण्याचा प्रयत्नही केला. क्लाइव्ह बेलच्या १९१४ च्या 'आर्ट' या ग्रंथात हा फेरा अधिक लहान आहे. सौंदर्यभावना जागवते ते अर्थपूर्ण रूप. आणि सौंदर्यभावना कोणती, तर अर्थपूर्ण रूपामुळे जागते ती. आपल्या काव्यशास्त्रातील 'सहृदय' या संकल्पनेलाही हाच प्रश्न विचारता येतो. सहृदयाचे लक्षण काव्याहून स्वतंत्रपणे देता आले, तरच ती निकषाचे काम करू शकते.

हा केवळ तात्त्विक खेळ नाही. १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत दलित साहित्याच्या मूल्यमापनावरून जे वाद झाले, त्यांत एका युक्तिवादाचा आकार पुन्हा पुन्हा दिसतो. साहित्याला सार्वत्रिकता हवी. सार्वत्रिक ते, जे सर्व काळच्या रसिकाला भावते. रसिक तो, ज्याची अभिरुची मान्यताप्राप्त साहित्यावर घडली आहे. आणि त्याला हे लेखन भावत नाही, म्हणून ते अपुरे. वाद नेमका कशाविषयी होता? मान्यताप्राप्त साहित्यावर घडलेली अभिरुची सर्वांची मानायची काय, याविषयीच. म्हणजे जे वादात होते, तेच मागून घेतले गेले. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ च्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र'मध्ये सौंदर्याच्या पारंपरिक निकषांऐवजी स्वातंत्र्यासारख्या मूल्याचा आधार मागितला, तो या पार्श्वभूमीवर. त्यांच्याशी मतभेद असू शकतात. पण निकषच वादविषय आहे, हे त्यांनी उघड केले.

हा दोष एकाच बाजूचा मानण्याचे कारण नाही. 'दलित जाणीव' हा निकष दलित साहित्यातूनच काढायचा आणि त्याच निकषाने ते साहित्य ठरवायचे, असेही होऊ शकते. आणि बेंथम म्हणतो तसे एकशब्दी दोष तर आपल्या समीक्षेत सर्वत्र आहेत. 'अस्सल', 'कसदार', 'मातीतले', 'प्रचारकी', 'कृतक', 'पुस्तकी' ही विशेषणे वर्णन करण्याचा आव आणून निर्णय देऊन टाकतात. 'देशी' हा शब्द भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीत एका विचारव्यूहाचा भाग आहे. अनेक अनुकरणकर्त्यांच्या हाती मात्र तो केवळ शिक्का झाला. ही विशेषणे टाळावीत असे नव्हे. परंतु ज्या कृतीविषयी वाद आहे तिला ती लावताना आपण काहीच सिद्ध केलेले नाही, एवढे भान हवे.

७

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. अर्थनिर्णयाचे वर्तुळ अटळ असल्याचे आधुनिक मीमांसकांनीच सांगितले आहे. संपूर्ण कृती कळल्याशिवाय ओळ कळत नाही आणि ओळी कळल्याशिवाय कृती कळत नाही. हायडेगरने १९२७ साली म्हटले, की या वर्तुळातून बाहेर पडण्यापेक्षा त्यात योग्य रीतीने शिरणे महत्त्वाचे. गादामरने १९६० साली पूर्वग्रहाला आकलनाची अट मानले. मग साध्य गृहीत धरणे हा दोष कसा?

भेद असा, की अर्थनिर्णयाच्या वर्तुळात आरंभीचे गृहीत संहितेच्या विरोधाला खुले असते. कृती त्याला नकार देऊ शकते, आणि दुसऱ्या वाचनात ते बदलते. साध्य गृहीत धरणाऱ्या युक्तिवादात नकाराची जागाच उरत नाही. ॲरिस्टॉटलच्या उत्तरदात्याला 'हे मला मान्य नाही' असे म्हणता येत होते. कँपियनने तसे म्हटले तरी त्याने काही ठरणार नव्हते. दोन वर्तुळांतील फरक ओळखण्याची कसोटी हीच, की नकार देणाऱ्याला जागा आहे काय, आणि त्याच्या नकाराने काही बदलते काय.

वाक्प्रचाराच्या शुद्ध वापराचा प्रश्न येथे येऊन थांबतो. जुना अर्थ कोशात जपून ठेवल्याने तो जिवंत राहत नाही, कारण त्याला प्रतिपक्ष लागतो. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतील एखादे प्रकरण वाचताना मी आता त्यांना एक काम देतो : आपल्या प्रत्येक आधारविधानासमोर, आपल्याशी असहमत असलेला वाचक ते मान्य करील काय, एवढेच समासात लिहावे. बहुतेकांना पहिल्या दोन पानांतच कळते, की आपण बरेचसे लेखन आधीच सहमत असलेल्यासाठी केले आहे. मलाही ते माझ्या खर्ड्याच्या समासातूनच कळले होते.